घरी गेल्यावरचा उपचार

‘हार्ट फेल’ म्हटले की हृदय बंद पडले, असाच अर्थ घेतला जातो. प्रत्यक्षात या आजारात हृदय चालूच असते. गरजेइतके रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी पडते. मग मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पायांत उतरते, फुप्फुसांत साचते. नडगीवर अंगठा दाबून उचलला तरी खळगा तसाच राहतो. रात्री आडवे होताच दम लागतो आणि एका उशीच्या तीन उशा होतात.

आजार किती घातक आहे, हे तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील नोंदींनी दाखवले. २०१३ मध्ये तिथल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांपैकी सुमारे ४५ टक्के तीन वर्षांत दगावले.

शहागड हे धुळे-सोलापूर महामार्गावरचे गोदाकाठचे गाव. हृदयरोगतज्ज्ञासाठी इथल्या रुग्णाला छत्रपती संभाजीनगर, जालना किंवा बीड गाठावे लागते. तपासणीचा दिवस एखादाच. बाकीचे दिवस आजार घरीच सांभाळायचा असतो. म्हणून रुग्णाला शिकवणे हा उपचाराचाच भाग आहे.

पहिला धडा वजनाचा. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहायचे. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले, तर ती चरबी नव्हे, साचलेले पाणी असते. दम लागण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

दुसरा धडा मिठाचा. भाकरीसोबतचा ठेचा, लोणचे, पापड यांतूनच बरेच मीठ पोटात जाते. सैंधवही मीठच. पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ काही औषधांबरोबर धोक्याचे ठरते.

तिसरा धडा गोळ्यांचा. बरे वाटले म्हणून त्या थांबवायच्या नाहीत. गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन शरीरात पाणी वाढवते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घाम आणि लघवीची गोळी मिळून अंग कोरडे पडू शकते. त्यामुळे पाणी व गोळीचे प्रमाण डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावे.

चौथा धडा चालण्याचा. ‘हृदय कमजोर, हलू नका’ हा सल्ला जुना झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,३३१ रुग्णांवरील ‘एचएफ-ॲक्शन’ चाचणीत देखरेखीखाली सुरू केलेला व्यायाम सुरक्षित ठरला. प्रकृती स्थिर झाल्यावर, डॉक्टरांच्या संमतीने, पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करावी. चालता चालता बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबून मदत घ्यावी.

हे सारे सुटीच्या कागदावर लिहून भागत नाही. रुग्ण आणि घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती यांना समोर बसवून शिकवावे, त्यांच्याकडून पुन्हा वदवून घ्यावे. गावात आशाताईंकडे वजनकाटा असावा आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी दर आठवड्याला वही पाहावी. वाढलेले दोन किलो वहीतच दिसले, तर पुष्कळदा औषध वेळेत बदलता येते आणि दवाखान्यात भरती होणे टळते.