परदेशांतील पहिलें बाळंतपण

माझी भाची इंग्लंडांत. पहिलें बाळंतपण तेथेंच व्हावयाचें, आई-सासू दोघींनाही जाणें शक्य नाहीं. डिंकाचे लाडू, अळीव, दुपटीं धाडलीं. कागदांचें मात्र कोणाच्या ध्यानीं नव्हतें. तेथें ४२ दिवसांत जन्माची नोंद करावी लागते. आईबापांपैकीं कोणी ब्रिटिश नागरिक वा कायम रहिवासी नसल्यास, १९८३ पासून, केवळ तेथें जन्मल्यानें मूल ब्रिटिश ठरत नाहीं. तेव्हां वर्षाच्या आंत भारतीय वकिलातींत नोंदवावें. क्षयाची लस तेथें सरसकट टोंचीत नाहींत. आईबाप भारतांत जन्मलेले असल्यास देतात, ती अवश्य मागावी. सुईण दिवसां घरीं येऊन पाहून जाते. पण भाची विचारते, 'मावशी, रात्रीं बाळ रडूं लागलें तर?' जांवईबापूंनीं दुपटें बदलावयास आतांच शिकावें, असें कळविलें. शिवाय तिच्या मध्यरात्रीं येथें पहांट असते. मी उठलेलीच असतें.