हिवाळ्यात कोंबडीची अंडी बंद झाली तर

भगिनींनो, थंडी पडली की परसात कोंबड्या पाळणाऱ्या घरांतून दरवर्षी एकच तक्रार ऐकू येते : ‘अंडी बंद झाली.’ कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते कोंबडी म्हातारी झाली. मग घाईघाईने ती विकली तरी जाते किंवा कापली तरी जाते. अंड्यांच्या पैशांतून जिथे मुलांच्या वह्या येतात, तिथे हे नुकसान लहान नाही. बहुतेक वेळा कारण साधे असते : दिवस लहान झालेला असतो.

प्रकाश कोंबडीला डोळ्यांनी दिसतो, शिवाय तो कवटीतून थेट मेंदूपर्यंतही पोहोचतो. दिवस मोठा असला की मेंदूतून अंडाशयाला इशारा मिळतो आणि अंडी तयार होतात. त्यासाठी साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा, तर डिसेंबरमध्ये जेमतेम ११ तासांचा. याच दिवसांत कोंबडी जुनी पिसे टाकून नवी धरते. अंगातले पोषण तिकडे खर्च होते.

उपाय सोपा आहे. खुराड्यात पाच-सात वॅटचा पिवळसर एलईडी दिवा लावा. दाणा-पाणी दिसेल एवढा उजेड पुरे. दिवा पहाटे लावावा. संध्याकाळी एकदम विझवला तर कोंबड्यांना अंधारात बसायची जागा सापडत नाही. पहिल्या आठवड्यात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी लावा, मग दर आठवड्याला अर्धा तास वाढवा. फज्रला उठणाऱ्या घरात निम्मे काम आपोआप होते. १४ तास भरले की थांबा, आणि रोजची वेळ चुकवू नका.

मात्र रात्रभर दिवा ठेवू नका. रात्र ही अल्लाहने विश्रांतीसाठी केली आहे, मुक्या जिवाचाही तो हक्क आहे. झोप मोडलेल्या कोंबड्या एकमेकींना टोचू लागतात. पाच महिन्यांच्या आतील तलंगांनाही जादा उजेड देऊ नका. अंग भरण्याआधीच अंडी सुरू झाली तर ती बारीक येतात आणि तिलाही त्रास होतो. दिव्यासोबत चांगला दाणा आणि शिंपल्यांचा चुरा हवाच.

दिवा लावणे जमत नसेल, तरी घाई करू नका. कोंबडी नीट खात-हिंडत असेल, नवी पिसे धरत असेल, तर सबर करा. २२ डिसेंबरनंतर दिवस वाढू लागतो. तिची अंडीही पुन्हा सुरू होतील, इन्शाअल्लाह.