भरपाईत वाटेकरी नकोत

रस्त्यावर घरचा कर्ता माणूस गेला, की अंत्यसंस्कार उरकायच्या आत कुणीतरी एजंट दाराशी येतो. ‘क्लेमचं आमच्यावर सोडा, आत्ता एक पैसाही देऊ नका,’ असे सांगून वकीलपत्रावर सही घेतो. पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निकाल लागला, की ठरलेले टक्के आधी काढून घेतले जातात. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवू नये, मिळालेल्या रकमेत वाटा घेऊ नये, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा स्पष्ट नियम आहे. तरीही टक्केवारीची ही बोलणी चालतात. ती थांबलीच पाहिजेत.

वकील नकोत असे आम्ही म्हणत नाही. उलट, चांगल्या वकिलामुळे काय फरक पडतो ते आकड्यांतच पाहावे. महिना 15 हजार कमावणारा, 35 वर्षांचा भाजीविक्रेता अपघातात गेला. मागे पत्नी आणि दोन मुले. त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी वार्षिक उत्पन्नातून एक तृतीयांश वजा करून, सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातील वयानुसारचा 16चा गुणक लावला, तर कुटुंबाचे नुकसान 19 लाख 20 हजार होते. पण 2017च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भावी वाढीचे 40 टक्के मिळवावे लागतात. ते मिळवले, की हीच रक्कम 26 लाख 88 हजारांवर जाते. पगारपत्रक नसलेल्या माणसाची कमाई सिद्ध करणे, गृहिणीच्या कामाचे मोल विमा कंपनीला मान्य करायला लावणे, ही कसबी वकिली आहे. तिची वाजवी फी मिळायलाच हवी. मुलांच्या शिक्षणाच्या पैशांतून टक्के कापणे ही मात्र लूट आहे.

एजंटाला वाव मिळतो तो सरकारी यंत्रणा वेळेवर पोहोचत नाही म्हणून. खरे तर मोटार वाहन कायद्यातील 2019च्या दुरुस्तीनुसार पोलिसांनी पाठवलेला अपघात अहवालच न्यायाधिकरणाने दावा म्हणून धरायचा आहे. 2022च्या नियमांनी पहिला अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत देणे बंधनकारक केले. विधवेला आणि मुलांना तर उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानेच दिला आहे. पण हे त्यांना सांगणार कोण?

पंचनामा करणाऱ्या पोलिसानेच ते सांगावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता आणि फोन नंबर छापलेला मराठी कागद त्याने त्या घरात द्यावा, आणि दिल्याची नोंद केस डायरीत करावी. न्यायाधिकरणांनी भरपाई थेट वारसांच्या बँक खात्यात जमा करावी आणि अंतिम आदेश देताना वकिलाची फी किती ठरली हे दावेदाराला समोर बसवून विचारावे. राज्याच्या गृह खात्याने यासाठीचे परिपत्रक याच महिन्यात काढावे.