अळीनाशकाचा जोर आणि कोठाराचे ऊन

नौपाड्यात जुनी घरे पाडून त्यांच्या जागी मजल्यांवर मजले चढत असताना, लिफ्टसाठी खणलेल्या खड्ड्यांत पावसाचे जे पाणी महिनोन्महिने साचून राहते, त्यात वाकून पाहणाऱ्यास दोन जातींच्या अळ्या सहज ओळखता येतात: श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून डोके खाली लोंबकळत ठेवणारी डेंग्यूच्या डासाची, आणि पाण्याला समांतर आडवी पहुडणारी हिवतापाच्या डासाची. अशाच एका खड्ड्यात गेल्या श्रावणात जैविक अळीनाशक पडले आणि चौथ्या दिवशी अळ्या पूर्ववत वळवळू लागल्या. ‘औषधच खोटे’ असा निकाल शेजाऱ्यांनी देऊन टाकला. मला तो घाईचा वाटतो.

त्या अळीनाशकातला, बीटीआय या नावाने ओळखला जाणारा जिवाणू १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडला. बीजाणू धरताना तो प्रथिनांचे जे स्फटिक घडवतो, ते अळीच्या पोटातील अल्कधर्मी रसात विरघळून तिच्या आतड्याचे अस्तर उद्ध्वस्त करतात. आपल्या आम्लधर्मी जठरात मात्र त्यांची मात्रा चालत नाही. गोव्यात नव्वदीच्या दशकात याच जिवाणूला अळ्या खाणाऱ्या माशांची जोड देऊन हिवताप आवरण्यात आला, तेव्हा त्याच्या गुणाविषयी शंका नको. परंतु हा गुण मोठा नाजूक. उन्हातील अतिनील किरण त्याला मारतात, पत्र्याच्या तापलेल्या कोठारात तो झिजतो, आणि स्फटिक तळाशी बसतात, तर हिवतापाची अळी चरते पृष्ठभागावर! तरंगत्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या आणि किरणांपासून राखणारे सूक्ष्म कवच हे उपाय याच कारणास्तव निघाले. महाग असले तरी पुनःपुन्हा फवारणीची मजुरी हिशेबात धरली पाहिजे.

मूळ मामला असा की या अळीनाशकाचा जोर किलो-लिटरने मोजताच येत नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या प्रमाण-चूर्णाचा जोर मिलिग्रॅममागे १५,००० एकके धरलेला आहे, आणि जिवंत अळ्यांवर त्याच्याशी तुलना करूनच इतर मालाचा जोर ठरतो. म्हणून खरेदीच्या दिवशीचा दाखला दप्तरी लावून न थांबता, पालिकेने पावसाळ्याच्या तोंडावर कोठारातील प्रत्येक खेपेचा नमुना तपासण्याची तजवीज करावी आणि निकाल प्रभागाच्या फलकावर लावावा. काही पेले, प्रत्येकात पंचवीस अळ्या आणि चोवीस तासांचा अवधी, एवढ्यात ही खातरजमा होते.