दोन मजली बसचा जिना

बेस्टच्या जुन्या डबलडेकरने ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना तो अरुंद जिना आठवत असेल. लंडनच्या तशाच जिन्यावर साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांचं नाव झालं. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर मात्र तिकिटं देत शेकडो पायऱ्या चढणारा-उतरणारा. हृदयविकाराचं प्रमाण ड्रायव्हरांमध्ये जास्त, हे मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं.

मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. ड्रायव्हर मुळातच जाड असतील तर? त्यांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या. चक्क विजारींच्या कमरेची मापं! ड्रायव्हरांची मापं मोठी निघाली, अगदी तरुण वयातही. आपल्याच निष्कर्षाला बोचणारा हा पुरावा त्यांनी १९५६ साली स्वतःहून छापला. पुढच्याच वर्षी त्यांचं साथरोगशास्त्रावरचं पुस्तक आलं. नंतर लंडनमध्ये प्राध्यापक म्हणून त्यांनी सार्वजनिक आरोग्य शिकवलं. २००९ साली, वयाच्या ९९व्या वर्षी ते गेले.

हा अंक रक्तदाब, मधुमेह अशा वर्षानुवर्षं सोबत राहणाऱ्या आजारांवर आहे. लेखक डॉक्टरांना आम्ही एकच विनंती केली होती: तुमच्या शंकाही लिहा. त्यांनी त्या मनापासून लिहिल्या आहेत.