डबा आपल्या घरात, चावी कंपनीकडं, अन् दोष आपलाच?

लँडलाइनची तांब्याची तार गेली, फायबर आलं. चिखली-मेहकरपासून मलकापूर-शेगावपर्यंत कितीतरी घरांत, दवाखान्यांत, आडतीवर आता फोन इंटरनेटच्या डब्यावर चालतो. बदलाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो फोन बिघडला की मिळणाऱ्या एकाच उत्तराला: "सर, राउटर बंद करून चालू करा."

आमच्या घरी हे तीन आठवडे चाललं. इथून लावला की फोन लागायचा, पण बाहेरून आलेला वाजायचाच नाही. कस्टमर केअरवाले दर वेळी स्पीड तपासायचे अन् 'नेट ओके' म्हणून तक्रार बंद करायचे. अरे बाप्पा, तक्रार नेटची होती कुठं? एका कॉलला सेकंदाला जेमतेम 100 किलोबिट लागतात. 100 एमबीपीएसचा आकडा दाखवून फोन चांगला ठरत नाही.

बिघाड कुठं असतो ते समजून घ्या. अशा फोनला ठरावीक वेळानं सर्व्हरकडं 'मी इथं आहे' अशी हजेरी लावावी लागते. हजेरी चुकली की येणारे कॉल हरवतात. डबा चालू-बंद केला की नवी हजेरी लागते, थोडा वेळ बरं चालतं, पुन्हा तेच. आवाज एकाच बाजूला जात असेल तर बहुतेक वेळा पत्त्यांच्या अदलाबदलीत वाट चुकलेली असते. एका राउटरमागं दुसरा राउटर असला, किंवा 'सिप एएलजी' नावाची सेटिंग चालू असली की असं होतं. आवाज तुटत असेल तर डेटाची पाकिटं वाटेत हरवतायत किंवा उशिरा पोचतायत.

यातल्या बऱ्याच सेटिंग ग्राहकाला उघडताच येत नाहीत, पासवर्ड कंपनीकडं. मग जबाबदारी कोणाची?

दुसरी गोष्ट याहून गंभीर. जुन्या तारेला एक्स्चेंजच्या बॅटरीतून 48 व्होल्ट मिळायचे, गावातली लाइट गेली तरी फोन वाजायचा. आता लाइट गेली की डबा बंद, डबा बंद की फोन मुका. आपल्याकडं लाइट किती वेळा जाते हे मी सांगायला नको. घरी म्हातारी माणसं, लेकरं पुण्या-मुंबईला. रात्री 108 लावायची वेळ आली तर? कनेक्शन देताना बॅटरीचा विषय कुणी काढतं का?

"मोबाइल आहे ना" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: घरात रेंज नाही म्हणून जे वाय-फाय कॉलिंग चालू करायला सांगतात, ते पण याच डब्यातून जातं.

तेव्हा भाऊ, पुरावा जमवा. मधला स्वतःचा राउटर काढा, साधा फोन थेट कंपनीच्या डब्याला लावा अन् दोन्ही बाजूंनी कॉल करून पाहा. तरी बिघाड राहिला तर तो तुमच्या घरच्या जोडणीचा नाही. तारीख, वेळ, काय झालं ते वहीत लिहा. तक्रार 'नेट स्लो' अशी नको, 'फोन बंद' अशीच नोंदवा अन् डॉकेट नंबर घ्या. ट्रायच्या 2012 च्या नियमांनुसार समाधान झालं नाही तर 30 दिवसांत कंपनीच्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडं अपील करता येतं. फी नाही, निकाल 39 दिवसांत द्यायचा असतो. अन् टेलिकॉमची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयानं 16 फेब्रुवारी 2022 ला स्पष्ट केलंय. आयोग आपल्या बुलढाण्यातच आहे.

कंपन्यांकडं मागणं मोठं नाही. डब्यासोबत बॅटरी द्या. फोनची तक्रार स्पीड दाखवून बंद करू नका. सेटिंग आम्हाला उघडू द्या, नाहीतर ज्याला उघडता येते तो माणूस घरी पाठवा. बिल दर महिन्याला वेळेवर येतं, माणूस पण यावा.

ज्यांची तक्रार अशीच परस्पर बंद झाली, त्यांनी तालुका अन् तारीख खाली लिहा. एकेकट्याला 'रिस्टार्ट करा' सांगणं सोपं असतं, शंभर जणांना नाही.