रमच्या वाटेवर ऊस तोडणारा कुठाय?

२०२२ च्या नोव्हेंबरात मी फ्रान्सात सेंट मालोला 'रूट द्यू रम' शर्यतीची सुरुवात बघायला गेलो. पाहुणा म्हणून. एका बोटीवर पैसा लावणाऱ्या कंपनीनं बोलावलेलं. गळ्यात पास, हातात वाईनचा ग्लास, बसायला खास लाँच. माझ्या आज्याला गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवू देत नव्हते, आणि मी समुद्रावर पाहुणचार झोडत होतो.

ही शर्यत दर चार वर्षांनी होते. एकेक माणूस एकट्यानं शिडाची बोट हाकत अटलांटिक ओलांडतो आणि कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर पॉइंट-आ-पित्रला पोचतो. ३५४२ सागरी मैल. पहिली शर्यत १९७८ ची. त्याच वेळी अलां कोला हा खलाशी समुद्रात गेला तो गेलाच. २०२२ ला १३८ बोटी होत्या. ६ तारखेला निघायच्या, खराब हवेमुळं ९ ला निघाल्या. कड्यांवर माणसंच माणसं. ३२ मीटरची बोट पाण्यावर उचलली जाऊन उडायला लागली तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू? एकटा माणूस समुद्राला भिडतो, त्याला छाती लागते.

शेजारच्या गृहस्थाला सहज विचारलं, शर्यतीला रमचं नाव का? म्हणाला, "जुनी व्यापाराची वाट. रोमँटिक आहे ना?"

दोस्तहो, ही रोमँटिक वाट काय होती? रम उसातून येते. ऊस तोडायला आफ्रिकेतून माणसं धरून आणली. १६८५ च्या 'कोड न्वार' कायद्यानं गुलाम म्हणजे जंगम मालमत्ता. महिनाभर पळाला तर कान कापायचे, डाग द्यायचा. मनुस्मृती सोसलेल्यांना ही भाषा ओळखीची आहे. सेंट मालोची जहाजंही त्या धंद्यात होती. तिथं सुर्कूफचा पुतळा समुद्राकडं हात करून उभा आहे. शूर दर्यावर्दी म्हणून त्याचं कौतुक. गुलामांचा व्यापारही त्यानं केला, ते कोण बोलणार?

१७९४ ला गुलामी उठली. १८०२ ला नेपोलियननं परत लादली. तेव्हा ग्वादलूपमध्ये लुई देल्ग्रेस आणि त्याच्या साथीदारांनी शरण न जाता मातूबाला स्वतःला दारूनं उडवून घेतलं. १८४८ ला गुलामी कायमची गेली. १८४९ ला भरपाई मिळाली. कुणाला? मालकांना!

मग ऊस कोण तोडणार? १८५४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. १८८९ पर्यंत चाळीस हजारांच्या वर. समुद्र ओलांडला की माणूस बाटतो, म्हणे. ज्याच्या घासातच काही नाही त्याचं काय बाटणार? त्यांच्या पोरांना मताचा हक्क मिळावा म्हणून आंरी सिदांबारोम १९०४ ते १९२३ कोर्टकचेऱ्या करत राहिला.

पाणी तेच. गेला तो वीर, नेला तो माल.

शर्यत बंद करा असं मी म्हणत नाही. पॉइंट-आ-पित्रला दार्बूसिएच्या जुन्या साखर कारखान्याच्या जागेवर २०१५ साली गुलामीचं स्मारक उघडलं. पण ती शेवटच्या टोकाची गोष्ट. पहिल्या टोकाला, आमच्या लाँचवर, दिवसभर गप्पा वाऱ्याच्या, बक्षिसाच्या आणि बोटीच्या किमतीच्या. रमचं नाव घेता, तर ऊस तोडणाऱ्याचंही घ्या. जिथून बोटी सुटतात तिथंच घ्या. एवढंच माझं मागणं.

आता आपलं बोलू. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डु बॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं. हे नातं आपण सभेत छाती ठोकून सांगतो. आणि लाँचवर? 'रोमँटिक आहे ना' ऐकल्यावर मी काय केलं? हसलो आणि ग्लास पुढं केला. कोयता घेऊन बीडहून फडावर जाणारी जोडपी तेव्हा आठवली नाहीत, रात्री हॉटेलात आठवली. हे सलतंय म्हणून लिहितोय.

शिकलो, कमावतो, आता अशी बोलावणी तुम्हालाही येतील. जरूर जा. चांगलं खा-प्या, टाळ्याही वाजवा. पण 'का' विचारून उत्तर मिळालं की माझ्यासारखे हसू नका. बोला. फार तर पुढल्या वेळी बोलावणार नाहीत.